नव्या खाऱ्या टाकीत तपकिरी थर आलाय, सायकल बिघडली का? शेवाळाचं औषध टाकू का?

औषध टाकू नका. बाकी वाचा न वाचा, एवढं ऐका.

तुम्ही लिहिलंय की टाकी तीन आठवड्यांची आहे, दगड कोरडे आणले होते, अमोनिया शून्यावर आलाय, नायट्राइट अजून दिसतंय, मासा एकही सोडलेला नाही, आणि वाळूवर तपकिरी थर चढल्यामुळे घरातले म्हणतात काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही. सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत वाढणं, चालूच आहे. ते डायटम आहेत, म्हणजे एकपेशी तपकिरी शेवाळ. नव्या वाळूतून, दगडांतून आणि आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी) वापरत नसाल तर नळाच्या पाण्यातूनही सिलिकेट येतं, त्यावर ते वाढतात. बोटाने पुसला की थर निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा हजर. सिलिकेट संपत आलं की आपोआप ओसरतो.

पण 'घरातले म्हणतात' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे ते घरातले म्हणजे माझा धाकटा दीर. गोड्या पाण्यातले मासे त्याने वर्षानुवर्षं पाळलेत आणि चांगले पाळलेत, ते नाकारत नाही. पण त्या जोरावर माझ्या टाकीसमोर उभं राहून रोज प्रवचन! "वहिनी, रिकाम्या टाकीत काय बघत बसता? दोन डॅमसेल सोडा, सायकल आपोआप होते." डॅमसेल म्हणजे छोटे, चिवट समुद्री मासे. मी मात्र माशांऐवजी जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड थेंब मोजून टाकायचे, तर म्हणायचा, मासे पाळताय की प्रयोगशाळा उघडलीय.

त्याचं सगळं गणित गोड्या पाण्याचं. तिथे पीएच ७ च्या आसपास असला तर बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, माशाला त्याचा त्रास कमी. आपल्या टाकीत पीएच ८.१ ते ८.३. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. किटवर रंग तोच दिसतो, माशाचे कल्ले मात्र जळतात. नायट्राइटचं नेमकं उलटं. गोड्या पाण्यात ते घातक. खाऱ्या पाण्यात क्लोराइड एवढं असतं की नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला फारसा वावच मिळत नाही. म्हणजे ज्याला घाबरायचं त्यावर हा हसायचा, आणि नायट्राइटची नळी जांभळी दिसली की "सगळं पाणी फेकून द्या" म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.

मग आला तपकिरी थर. त्या संध्याकाळी दीर शेवाळाच्या औषधाची बाटली घेऊनच आला. झाकण उघडून टाकीवर वाकलाच होता, मी ती हातातून काढून घेतली आणि लेबल वाचलं. तांबं! तांब्याने गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळे मरतात. शिवाय ते चुनखडीच्या दगडांत मुरतं आणि पुढे कितीतरी दिवस पाण्यात उतरत राहतं. हे मी जरा चढ्या आवाजात सांगितलं असेल. जेवायला थांबला नाही.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही उतरल्यावर मी टर्बो आणि सेरिथ गोगलगायी सोडल्या. सकाळी काचेवरच्या तपकिरी थरात नागमोडी स्वच्छ पट्टे उमटलेले, आणि एका पट्ट्याच्या टोकाला टर्बो अजून तोंड चालवत होती. पुढे थर गेला. दीर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "नशीब चांगलं तुमचं, वहिनी." नशीब!

तर तुमचं. अमोनिया शून्य दिसतोय एवढ्यावर जाऊ नका. २ पीपीएम होईल एवढा टाका आणि २४ तासांत शून्यावर येतो का बघा. येत असेल तर टाकी तयार होत आलीये. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचं किट फुगवून आकडा दाखवतं, तो बघून घाबरू नका. शेवटी एक मोठा पाणीबदल करा, नव्या पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ ला जुळवून. तोवर दिवे बंदच ठेवा, प्रवाळ नसताना उजेड कोणासाठी?

डायटमनंतर बहुतेक हिरवं केसाळ शेवाळ येईल, कोरड्या दगडांत फॉस्फेट अडकलेलं असतं म्हणून. हाताने उपटा, ब्रशने घासा, लगेच सायफनने ओढून घ्या. पण फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर आणायच्या मागे लागू नका. अशा उपाशी टाकीतच डायनोफ्लॅजेलेट (डायनो, हटवायला अवघड असे एकपेशी जीव) बोकाळतात आणि त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं.

डॅमसेल सोडून सायकल करायला सांगणारे भेटतीलच. त्यांना एकच विचारा: नंतर तो डॅमसेल पकडणार कोण? मासा चिवट, जगतोही. मग अख्खी टाकी आपली समजून नव्या माशांना हाणत सुटतो, आणि त्याला धरायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात. हे आमच्या दीरालाही सांगितलं होतं, तेव्हा त्याला फोन आला.

हो, एक राहिलं. हे सगळं तुमचा थर खरंच डायटमचा आहे असं धरून लिहिलंय. गडद लाल असेल आणि सायीसारखा अख्खा उचलला जात असेल तर ते सायनो (सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जीवाणू), तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा. चिकट तपकिरी तंतू आणि त्यांच्या टोकांना बुडबुडे असतील तर डायनो असू शकतात, तेव्हा आधी जवळून फोटो टाका. आणि दगड जिवंत (समुद्रातले, जीवाणूंसकट ओले) आणले असते तर हे वेळापत्रक बरंच बदललं असतं.