टकळी की चाती?

प्रश्न असा आहे. पेरूमधील एका कथेचा मराठी अनुवाद करताना असा प्रसंग येतो की, अँडीज पर्वतातील एक म्हातारी चढण चढता चढता हातातल्या लाकडी साधनावर अल्पाका या उंटवर्गीय प्राण्याची लोकर कातत आहे. त्या साधनाला ‘चाती’ म्हणावे की ‘टकळी’? त्याला जोडून असेही विचारले आहे की ‘तोंडाची टकळी’ या प्रयोगातील टकळी हीच का, आणि ‘तकली’ असे लिहिणे चूक आहे का.

या म्हातारीच्या हाती टकळीच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, कारण दोन्हीकडे एक बारीक दांडी फिरते आणि तिच्या फिरण्याने तंतूंना पीळ बसतो. मात्र ही दांडी कशाने फिरते हे पाहिले की दोन्ही शब्दांची घरे वेगळी होतात. टकळी बोटांनी फिरवतात आणि ती स्वतःच एक पूर्ण साधन असते. चाती हा दुसऱ्या यंत्राचा भाग असतो आणि तिला फिरवणारी दोरी किंवा माळ असते, जी चाकावरून येते. चरख्याची चाती काढून हातात घेतली तर तिच्यावर कातता येणार नाही असे नाही, परंतु मग तिची टकळी झाली असे म्हणावे लागेल.

हा भेद आजच्या व्यवहारातही टिकून आहे. सूतगिरणीची क्षमता चात्यांत मोजतात. ‘२५ हजार चात्यांची सूतगिरणी’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळतो, आणि त्याऐवजी ‘२५ हजार टकळ्यांची’ असे कोणी लिहिले तर कापडधंद्याशी संबंध नसलेला वाचकही अडखळेल. गिरणीतील चाती पट्ट्याने फिरते, येरवड्याच्या तुरुंगाचे नाव मिळालेल्या पेटीचरख्यातील चाती माळेने फिरते, पण ती कोणाच्या चिमटीत फिरत नाही.

व्युत्पत्तीही हेच सांगते, आणि मला या चर्चेतला सर्वांत रोचक भाग हाच वाटतो. चातीचा संबंध संस्कृतातील ‘चात्र’ या शब्दाशी जोडला जातो. यज्ञासाठी अरणी, म्हणजे लाकडे, एकमेकांवर घासून अग्नी काढतात तेव्हा खालच्या अरणीवर जी उभी लाकडी दांडी फिरवतात तिला चात्र म्हणतात. तिला दोरीचे वेढे देऊन ती दोरी ताकाच्या रवीप्रमाणे आळीपाळीने ओढली जाते. म्हणजे दोरीने फिरणारी दांडी हा अर्थ चरख्याच्या आधीपासूनच या शब्दात होता.

टकळीचे नाते ‘तर्कु’ या टकळीवाचक संस्कृत शब्दाशी आहे. आरंभीच्या त-चा ट होणे मराठीला नवे नाही. ‘तिलक’पासून ‘टिळा’ झाला तो याच वाटेने. हिंदीतील तकुआ आणि तकली ही याच घराण्यातील भावंडे होत. या तर्कुची व्युत्पत्ती यास्क या प्राचीन वैयाकरणाने निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात सांगितली आहे. शब्दातील आधीचे आणि शेवटचे वर्ण आपापसांत जागा बदलतात याची उदाहरणे देताना तो स्तोक, रज्जु, सिकता आणि तर्कु हे चार शब्द घेतो. त्याच्या मते ‘कृत्’ म्हणजे कातणे या धातूतील क आणि त यांची अदलाबदल होऊन ‘तर्कु’ तयार झाला. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्र मात्र तर्कुला पिळणे किंवा वळणे या अर्थाच्या वेगळ्या मूळ धातूकडे नेते आणि ग्रीकमधील टकळीवाचक ‘आत्राक्तोस’ हा त्याचा सगा मानते. मला दुसरे मत ग्राह्य वाटते, तरी यास्काच्या युक्तीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

ओघात ‘कातणे’ या क्रियापदाविषयीही सांगतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘कृत्’ हे दोन निराळे धातू आहेत: एकाचा अर्थ छेदन, दुसऱ्याचा वेष्टन. कातर आणि कातरणे हे शब्द पहिल्याकडून आले, सूत कातणे दुसऱ्याकडून. लाकडाला चरकावर धरून गोल आकार देणारा कातारी मात्र लाकूड फिरवतोही आणि कापतोही, त्यामुळे ‘कातीव खांब’ म्हणताना आपण कोणत्या धातूचे ऋणी असतो याचा निवाडा करण्याच्या भरीस मी पडणार नाही.

आता ‘तोंडाची टकळी’. ही टकळी तीच आहे असे मी मानतो, पण त्यात एक गंमत आहे. टकळीवर कातताना वरच्या आकड्यात धागा अडकवून तिला चिमटीने गिरकी देतात, पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तंतू सुटत जातात, हातभर सूत निघाले की टकळी थांबवून ते दांडीवर गुंडाळतात आणि पुन्हा आकड्यात अडकवतात. अर्थात टकळी दर हातभर सुतामागे थांबते, तर न थांबणाऱ्या बडबडीला आपण तिचे नाव दिले आहे. त्यामुळे हा प्रयोग कातणाऱ्याने नव्हे तर बघणाऱ्याने केला असावा असे मला वाटते. त्याला दिसते ती फक्त गरगर फिरणारी चकती आणि संपता न संपणारा धागा. ‘टकटक’ या नादाचीही या प्रयोगाला साथ मिळाली असेल, परंतु केवळ नादानुकारी म्हणून तो निकालात काढणे मला पटत नाही, कारण टकळी ‘चालते’ आणि ‘सुरू होते’, ही साधनाला शोभणारी क्रियापदे आहेत.

‘तकली’ हे रूप खादीच्या चळवळीबरोबर हिंदीतून आले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग, म्हणजे शिक्षणाचा पाया ठरवलेला हस्तोद्योग, म्हणून कताई शाळेत गेली आणि पितळी चकतीची तकली मुलांच्या हाती आली. ते रूप चूक नाही. त्या काळातील शाळेचे चित्र रंगवायचे असेल तर तेच अधिक शोभेल. एरवी मराठीत टकळी लिहावे. ज्या घरांत जानव्याचे सूत घरी काढण्याची रीत होती, तिथेही हाच शब्द ऐकू येई.

अनुवादासाठी आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. कापसाचे तंतू आखूड असल्याने बारीक सूत काढताना लोंबत्या टकळीच्या वजनाने ते तुटते. म्हणून तिचे टोक वाटीत टेकवून, बसून कातण्याची पद्धत आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे टकळी म्हटले की हीच बैठी मूर्ती येईल. अल्पाकाची लोकर लांब तंतूंची असल्याने ती म्हातारी मात्र टकळी अधांतरी सोडून चालू शकते. अँडीजमधील क्वेचुआ भाषेत या साधनाला ‘पुश्का’ म्हणतात. तो शब्द एकदा योजून पुढे ‘लोंबती टकळी’ म्हटले तर काम भागेल. ‘सूत’ हा शब्द मात्र तेथे टाळावा, कारण मराठीत त्यावर कापसाची छाया गडद आहे. ‘चालता चालता तिने टकळीला गिरकी देऊन ती खाली सोडली आणि लोकरीचा धागा लांबत गेला’ अशी रचना मी केली असती.