करोनात वडील गेले, आई अजून सावरली नाही. हा साथीचाच परिणाम असेल का?

तुम्ही लिहिलंय की मे २०२१ मध्ये वडील करोनाने गेले. तेव्हापासून आई रात्र-रात्र जागी असते, लग्नकार्याला जात नाही, छातीत धडधडतंय म्हणते, आणि कराडला केलेल्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यात. इतक्या वर्षांनी हा त्या साथीचाच परिणाम असेल का, असं विचारलंय. हो, असू शकतो. आणि यावर उपचार आहेत.

मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीकडची आहे. माझे सासरे त्याच लाटेत मिरजेत गेले आणि सासूबाईंचं पुढं जे झालं ते तुमच्या आईंसारखंच होतं, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे माणूस गेलं की घर भरतं. तोंड बघायला गाव येतं, सावडायला भावकी जमते, शेजारून भाकरी येते, दहाव्यापर्यंत बाईला कुणी एकटं सोडत नाही. शेवटचं काय बोलले, काय खाल्लं, हे ती येईल त्या प्रत्येकीला सांगते. सांगून सांगून मग तिला स्वतःला ते खरं वाटायला लागतं. त्या वर्षी हे सगळंच बंद होतं. माणूस स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढला आणि नंतर फक्त फोन आला. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती, पण कित्येक घरांतून एकही जाऊ शकलं नाही. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्ये नातेवाइकांना चेहरा दाखवायला आणि राख गोळा करायला मुभा होती, राखेपासून धोका नाही असंही त्यात लिहिलं होतं. ते आमच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. त्यात जुलैमध्ये कृष्णेला पूर आला. २०१९ च्या महापुराची धास्ती गेली नव्हती तोवर पुन्हा सामान हलवायची धावपळ. रडायचं राहूनच गेलं.

सासूबाई पुढं दुखणीच सांगायच्या. अंग दुखतंय, मुंग्या येतात, जीव लागत नाही. आम्ही सलाईन लावून आणायचो. खरं कारण बऱ्याच उशिरा बाहेर आलं: बाजारातून लागण मीच आणली, माझ्यामुळंच ते गेले, असं त्यांनी मनात धरलं होतं. तुमच्या आईंच्या मनातही असं काही आहे का, हे हळूच विचारून बघा. समजूत घालायची घाई करू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ आणि दुःख तितकंच तीव्र राहिलं, त्या समाजाच्या रीतीपेक्षाही जास्त लांबलं आणि रोजचं जगणं अडलं, तर तो आजार धरतात. नैराश्य त्याच्या जोडीला असू शकतं, पण दोन्ही एकच नव्हेत. नैराश्याला गोळ्यांनी फरक पडतो, शोकासाठी समुपदेशन लागतं. म्हणून एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं नसेल तर तेही करून घ्या, त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. प्रवास जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

गोळ्यांची सवय लागते अशी भीती घरात कुणी ना कुणी घालतंच. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांची सवय लागू शकते, तेव्हा मेडिकलमधून आपणहून आणू नका.

आम्ही आणखी एक केलं. एका पुण्यतिथीला नणंदा, भावकी, सासऱ्यांचे सोसायटीतले मित्र, सगळ्यांना बोलावलं. औदुंबरच्या दत्ताला जाऊन आलो आणि दुपारभर त्यांच्याच गोष्टी काढल्या. सासूबाई पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोकळेपणी रडल्या. त्याने आजार गेला नाही, औषधं पुढं चालूच होती, पण त्या बोलायला लागल्या. तुम्हाला कराडचा प्रीतिसंगम, कृष्णा-कोयनेचा संगम, जवळ आहे. आईंची इच्छा असेल तरच करा, जबरदस्ती नको.

आणि "आता जगून काय करू" असं आई कधी म्हणाल्या, तर थांबू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसं डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात फवारणीचं औषध, तणनाशक असेल तर ते आजच दुसरीकडे हलवा आणि कुलपात ठेवा.