वाड्यात घरे करताना: वास्तुरचनेच्या विद्यार्थिनीस पत्र

इंदूर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक शुभाशीर्वाद.

होळकरांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतील जुना दुमजली वाडा घेऊन त्यात बारा लहान कुटुंबांसाठी घरे करायची, हा तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय मला मनापासून आवडला. प्लॅन स्वच्छ आहेत, चौकाकडे उघडणाऱ्या ओसऱ्या तू राखल्या आहेस आणि प्रत्येक घरात उजेड कुठून येणार हे चित्रावरून कळते. चित्रांच्या संचात जे नाही त्याविषयीच हे पत्र आहे. जुन्या लाकडाला नवी भिंत कुठे आणि कशी भेटते, न्हाणीचे पाणी कोणत्या वाटेने खाली उतरते, आणि काही वर्षांनी एखाद्या कुटुंबाला खोली वाढवायची झाली तर त्यांनी नेमके काय उघडायचे, याचे एकही चित्र तू काढलेले नाहीस. वाड्यात घरे करण्याचा प्रश्न या भेटीच्या जागांवरच सुटतो किंवा अडतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून प्लॅन पक्का करण्याआधी तू सांधे काढावेस, आणि प्रत्येक सांधा राहणाऱ्या माणसाला आणि गल्लीतल्या सुताराला पुन्हा उघडता येईल असा असावा.

बंद गिरणीच्या शेडकडे तू वळली नाहीस हे चांगले केलेस. १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलसारख्या जागा आपल्या शहरातल्या विद्यार्थ्यांना फार ओढ लावतात, कारण मोठ्या गाळ्याच्या छपराखाली हवे ते उभे करता येते. वाडा अशी मोकळीक देत नाही. त्याचे खण, म्हणजे खांबांमधले गाळे, ठरलेले असतात, खांबांच्या जागा ठरलेल्या असतात आणि मजल्याची उंचीही ठरलेली असते. शिकणाऱ्याला याचाच अधिक उपयोग होतो. शिवाय वाड्याचे ग्रंथालय करण्याच्या नेहमीच्या वाटेलाही तू गेली नाहीस. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार धरायला सांगितला आहे, तर पुस्तकांची मांडणी असलेल्या खोलीसाठी तोच आकडा किमान ६ किलोन्यूटन आहे. वाड्याचा कडीपाट, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेला मजला, माणसांच्या वावरासाठी घातलेला असतो. त्यावर पुस्तकांची कपाटे ठेवायची तर लोखंडी तुळयांचा आधार द्यावा लागतो, आणि मग आपण जे वाचवायला निघालो तेच झाकले जाते. घरे करणे हा या इमारतीशी सर्वांत कमी भांडणारा उपयोग आहे, हे तुझ्या मांडणीत पहिल्याच पानावर यायला हवे.

आता घरांविषयी. इंदूरमध्ये शिकणाऱ्या मुलीला लहान घरांचा अभ्यास करायला दूर जावे लागत नाही. मूळचे पुण्याचे आणि अहमदाबादेत काम केलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेली अरण्य वसाहत आपल्याच शहरात आहे. सुमारे ८५ हेक्टर जागेवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड पाडलेल्या या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरच्या आसपासचा होता. त्यावर जोते, संडास-न्हाणीचा गाभा आणि पाणी, सांडपाणी, वीज यांची जोडणी एवढेच द्यायचे आणि उरलेले घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ही योजना होती. घर कसे वाढू शकते हे दाखवण्यासाठी ऐंशी नमुना घरेही बांधली गेली. पुस्तकांत त्या नमुना घरांचीच छायाचित्रे छापली जातात, म्हणून विद्यार्थी तेवढीच पाहून परततात. तू बाकीच्या गल्ल्यांत फीर. जिना कुणी बाहेर काढला, ओट्यावर दुकान कुणी घातले, वरची खोली केव्हा चढली, हे तिथल्या लोकांना विचार आणि त्याचे रेखाटन कर.

अरण्यमधून मी तुला आकार उचलायला सांगत नाही. जे काम एकट्या कुटुंबाला नीट आणि स्वस्तात करता येत नाही, म्हणजे मलवाहिनी, पाणी आणि ओली जागा, ते आधी आणि एकत्र करायचे, आणि जे कुटुंब स्वतः उत्तम करते ते त्याच्यावर सोपवायचे, हा तिथला निर्णय मात्र तुला थेट उपयोगी आहे. तुझ्या वाड्यात परिस्थिती उलटी आहे. खांब, तुळया, छप्पर हे सारे आयते आहे आणि नेमका ओला गाभाच नाही. जुन्या वाड्यांत न्हाणीघर आणि संडास मागे परसात असत, त्याचे एक कारण लाकूड आणि पाणी यांचे वैर हे होते. तू मात्र वरच्या सहाही घरांना मधल्या खणांत, कडीपाटावरच, संडास-न्हाणी दिली आहेस, आणि त्याखाली कुणाचे तरी स्वयंपाकघर येते.

याचा परिणाम काय होतो ते सविस्तर सांगतो, कारण तुझ्या प्रकल्पात याहून महत्त्वाचे काही नाही. पाण्याचा पाझर फरशीखालून कड्यांच्या टोकांपर्यंत जातो. ही टोके भिंतीत गेलेली असल्यामुळे दिसत नाहीत, तिथे वारा लागत नाही आणि ओल सुकत नाही. कडी मध्ये ठणठणीत दिसत असते आणि भिंतीतले तिचे टोक मऊ पडून त्याला वाळवी लागलेली असते. जलरोधक थर घातला आहे, असे उत्तर तू परीक्षकांना देशील. पण लाकडी पाटण भाराखाली हलते, आणि त्यावरचा कडक थर कुठे ना कुठे तडकतो. म्हणून सगळी ओली जागा लाकडी सांगाड्याच्या बाहेर काढ. मागच्या परसात एक आणि बाजूच्या बोळाकडे एक असे विटांच्या बांधणीचे दोन मनोरे स्वतःच्या पायावर उभे कर. प्रत्येक मनोऱ्यात दर मजल्यावर तीन घरांच्या संडास-न्हाण्या पाठीला पाठ लावून बसतील आणि नळ एकाच उभ्या खाचेत राहतील. त्या खाचेला बाहेरून उघडणारे दार ठेव. वाड्याचा पाया शतकभर बसून स्थिरावलेला आहे, नवा मनोरा मात्र थोडा खचणार. म्हणून दोघांत दोन-तीन बोटांची फट ठेव, ती वरून पत्र्याच्या झाकणीने पावसापासून सांभाळ आणि चालण्याच्या जागी एक सुटी फळी टाक, जी दोन्ही बाजूंना फक्त टेकलेली असेल. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा खाली ठेव. या बदलामुळे काही घरांना चार पावले ओसरीतून चालावे लागेल, याचे मला वाईट वाटत नाही. पण ती ओसरी पावसाच्या झडीपासून झाकलेली असली पाहिजे आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री दिव्याचे बटण हाताशी लागले पाहिजे.

खोल्यांच्या मापांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकच राहती खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची, २.४ मीटर रुंद आणि २.७५ मीटर उंच असावी लागते. वाड्याचा वरचा मजला पुष्कळदा या उंचीत बसत नाही, म्हणून माप तुळईच्या खालून घे आणि कुठेही खोटे छत घालू नकोस.

सर्वेक्षण तू केले आहेस, पण ते भिंतींचे आहे. सांगाड्याचे अजून व्हायचे आहे. होळकर दरबारासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरचा नगररचना अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत दिला. मोठे रस्ते काढण्यासाठी वस्ती सरसकट पाडू नये, आधी गल्लीगल्लीतून हिंडून निदान करावे आणि जिथे अगदी गरज असेल तिथेच थोडे पाडून मोकळी जागा करावी, असा त्यांचा आग्रह असे. तोच आग्रह तू एका वाड्यापुरता धर. प्रत्येक खांबाला, तुळईला आणि कडीला क्रमांक दे, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐक, भिंतीलगत टोकदार सळईने टोचून पाहा, आणि ठणठणीत, दुरुस्त होण्याजोगे व बदलावेच लागेल असे तीन रंग प्लॅनवर भर. भार नेमका कोण वाहतो हेही त्यातूनच कळेल. अनेक वाड्यांत आतली भिंत खांबांमधली नुसती भरणी असते, तर कधी मागच्या बाजूला भिंतच सारे पेलत असते. आणि तू प्लॅनमध्ये जिथे दार पाडले आहेस तिथे यांपैकी काय आहे हे अजून तुलाच ठाऊक नाही.

आता सुतारकाम. तळखड्यापासून सुरुवात कर. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करण्यात जमिनीची ओल लाकडाला लागू नये हा हेतू असतो. पण पिढ्यान्‌पिढ्या फरशीवर फरशी चढत गेली की तळखडा बुडतो आणि खांबाचा पाय ओलीत येतो. तुझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, तीन ठिकाणी असेच झालेले दिसते. आधी ती फरशी उतरव. जिथे पाय कुजला असेल तिथे सबंध खांब बदलू नकोस. मजल्याला टेकू देऊन कुजका भाग कापावा, जुन्या सागाचाच तुकडा तिरप्या सांध्याने जोडावा, पाचर मारून तो आवळावा आणि लाकडी खुंट्यांनी धरावा. तुळईचा विचार वेगळा आहे. तिच्यावर वाक मध्यावर सर्वाधिक येतो आणि खालची बाजू ताणली जाते, म्हणून मध्यावर जोड घ्यायचा नाही आणि विजेच्या नळीसाठी खालून खाच तर मुळीच पाडायची नाही. तुझ्या विजेच्या आराखड्यात अशा खाचा गृहीत धरलेल्या आहेत. नळी तुळईच्या कडेने उघडी जाऊ दे. ती वाईट दिसत नाही, आणि दुरुस्तीला हाताशी राहते.

प्रत्येक घराच्या आतल्या नव्या आडभिंतींना तू जुन्या तुळयांत खिळे मारून धरले आहेस. त्याऐवजी वर एक खाचेची पट्टी दे, भिंतीची चौकट त्या खाचेत थोडी सैल बसव आणि खाली स्क्रूने धर, म्हणजे तुळई भाराने किंचित वाकली तरी भिंतीवर दाब येणार नाही आणि भिंत हलवायची झाल्यास तुळईला जखम राहणार नाही. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही. आडव्या दिशेने मात्र ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि त्यातही वर्षवलयांच्या रेषेत होणारी हालचाल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या हालचालीच्या जवळपास दुप्पट असते. साग स्थिर म्हणून नावाजलेला आहे, पण माळव्यातला मे महिना आणि त्यामागून येणारा श्रावण यांतला फरक त्यालाही जाणवतो. म्हणूनच जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खोबणीत सुटी ठेवलेली असते. ती गोंदाने चिकटवलीस तर फळी तडकेल. दारे-खिडक्या नव्या काढताना हे ध्यानात ठेव.

दोन वेगळ्या साहित्यांची भेट पाहायची असेल तर राजवाड्यापुढे उभी राहा आणि खालचे तीन दगडी मजले संपून वरचे चार लाकडी मजले जिथे सुरू होतात ती रेषा काढ. १९८४ मध्ये त्याच्या मागच्या भागाची आगीत हानी झाली, ही गोष्टही तुझ्या प्रकल्पाशी संबंधित आहे. जाड सागाचा खांब बाहेरून कोळसा होत जातो आणि आतला गाभा काही काळ भार धरून राहतो, पण पातळ प्लायच्या आडभिंती झपाट्याने पेटतात. दोन घरांच्या मधली भिंत म्हणून विटांची किंवा दोन्ही बाजूंनी जाड चुन्याचा गिलावा केलेलीच असावी, आणि तिच्या भारासाठी खाली आधार आहे की नाही तेही तपासावे. चौकात उतरणारा दुसरा जिना तू जागा वाचवण्यासाठी गाळला आहेस; तो परत आण. आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नकोस, तो आतली ओल कोंडून ठेवतो.

माणिकबागेविषयी तू विचारले होतेस. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांनी रचलेला तो महाल आज सरकारी करकार्यालय आहे. इमारत वापरात आहे, ही चांगली गोष्ट. पण तिच्यासाठी घडवलेले बरेचसे फर्निचर १९८० मध्ये लिलावात गेले, आणि त्या खोल्यांची मूळ कल्पना त्यासोबतच गेली. तुझ्या वाड्यातली भिंतीतली कपाटे, कोनाडे, दारांवरच्या पट्ट्या आणि खुंट्या यांना म्हणूनच सांगाड्याइतकेच क्रमांक दे.

पुढच्या भेटीला तीन गोष्टी घेऊन ये. मनोरा आणि वाडा जिथे भेटतात तो १:२० चा सेक्शन, आडभिंतीची वरची खाच पूर्ण मापात काढलेली, आणि खांबाच्या पायाचा तिरपा सांधा सागाच्या टाकाऊ तुकड्यांत प्रत्यक्ष केलेला. शेवटचे काम एकटीने करू नकोस. एखाद्या जुन्या सुतारमिस्त्रीच्या शेजारी बसून कर, पटाशी कोणत्या बाजूने चालवायची ते त्याच्याकडून शीक आणि तुझे ड्रॉइंग त्याला वाचता येते का ते पाहा. त्याला जिथे अडेल तिथे चित्र बदल. दुसरा जिना आणि मनोऱ्यांची वाट आल्यावर बारा घरांची दहाच उरतील, असा माझा अंदाज आहे. ती दहाच दाखव, आणि दोन का गेली हे अहवालात स्पष्ट लिही.

तुझा शुभचिंतक