पर्वतीआधी कार्यालयाचा जिना

आपण व्यायामाचा आरंभ थेट पुण्यातील पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्यांपासून करू इच्छिता, हे उत्साहाला धरून असले तरी पहिले दोन आठवडे कार्यालयाचा जिनाच पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली असून, 2020 च्या मार्गदर्शनानुसार ती सलग दहा मिनिटे असण्याची अट नाही. त्यामुळे एक थांबा आधी उतरून झपझप चालणे किंवा मंडईतून भाजीची पिशवी हातात घेऊन पायी येणे, हे सारे हिशेबात धरावे. मी स्कूटरची किल्ली मुद्दाम माळ्यावर ठेवतो. कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढण्याचा मोह (पुणेकरांचा जुनाच रोग) स्टूल शोधेपर्यंत ओसरतो. पायऱ्या उतरताना मात्र घाई करू नये, कारण गुडघ्यांवर ताण तेव्हाच अधिक येतो.