दोन मापन-मायक्रोफोनपैकी बरोबर कोणता, हे घरी कसे तपासावे?

स्पीकरचा आवाज मोजण्याच्या आपल्या दोन मायक्रोफोनचे आलेख (कोणत्या कंप्रतेला किती आवाज, हे दाखवणारे) ८ किलोहर्ट्झच्या वर सुमारे ३ डेसिबलने वेगळे येतात आणि त्यांपैकी खरा कोणता, असा आपला प्रश्न आहे. घरी दोहोंमधला फरक उत्तम मोजता येतो. खरा कोणता, हे मात्र प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेला, म्हणजे अचूकता पडताळलेला, तिसरा मायक्रोफोन हाताशी असल्याशिवाय ठरत नाही. दोघांचे एकमत झाले असते, तरी एकाच बनावटीच्या कॅप्सूलमध्ये (मायक्रोफोनच्या टोकाच्या, ध्वनी टिपणाऱ्या भागात) दोषही सारखाच असू शकतो.

आधी कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे मायक्रोफोनची चूक दुरुस्त करणाऱ्या आकड्यांची फाइल, पाहावी. शून्य अंशाची फाइल स्पीकरकडे रोखलेल्या मायक्रोफोनसाठी असते, तर नव्वद अंशांची छताकडे तोंड केलेल्यासाठी. या फाइलींची अदलाबदल झाली, तर चूक नेमकी वरच्या कंप्रतांवर दिसते.

त्यानंतर स्वतःच्या पद्धतीची परीक्षा घ्यावी. एकच मायक्रोफोन स्टँडवरून काढून, पुन्हा लावून पाच वेळा मोजावा. मी हे प्रथम केले, तेव्हा त्या एकट्याचेच आलेख वरच्या टोकाला दीड-दोन डेसिबलने हलत होते. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ३४ मिलिमीटर असल्याने मायक्रोफोन एखादा सेंटिमीटर सरकला, तरी तिथे जाणवते. मी छतापासून ओळंबा सोडून त्याच्या टोकाशी कॅप्सूल जुळवू लागलो, तेव्हा कुठे आलेख एकमेकांवर बसले.

मग त्याच जागी, त्याच आवाजपातळीवर, स्पीकरला हात न लावता दोन्ही मायक्रोफोन एकामागून एक मोजून आलेखांची वजाबाकी करावी. शेजारी-शेजारी ठेवू नयेत, कारण एकाच्या अंगावरून परतलेला ध्वनी दुसऱ्यात शिरतो. वजाबाकीत स्पीकरचे गुणदोष निघून जातात, म्हणून तो महागडा नसला तरी चालतो. भिंतींचे परावर्तन टाळण्यासाठी ४ मिलिसेकंदांची खिडकी लावल्यास, म्हणजे आलेल्या ध्वनीचा तेवढाच सुरुवातीचा भाग घेतल्यास, सुमारे २५० हर्ट्झच्या खालच्या निष्कर्षांवर विसंबू नये. त्या पट्ट्यासाठी स्पीकर बसवलेली लहान बंद पेटी बरी. पेटी तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असल्याने आत सगळीकडे दाब जवळपास सारखा असतो आणि तिथे मात्र दोन्ही मायक्रोफोन शेजारी चालतात.

ध्वनी-कॅलिब्रेटर या कामासाठी घेऊ नये. १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब देऊन तो फक्त संवेदनशीलता सांगतो. आपले भांडण ८ किलोहर्ट्झच्या वरचे आहे.

फरकाचा आलेख तारीख आणि खोलीच्या तापमानासह जपून ठेवावा. काही महिन्यांनी तो बदललेला दिसला, तर एक कॅप्सूल बिघडू लागले आहे, असे समजून दोन्ही तपासणीला पाठवावेत.