बायकांचे पुरस्कार वेगळे कशाला?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. महिला शास्त्रज्ञांच्या पुरस्कारांची कात्रणं वहीत चिकटवते, संशोधनच करणार म्हणते. तिचे मामा सांगोल्याचे, डाळिंबाची बाग आहे. ते म्हणतात, बायकांचे वेगळे पुरस्कार म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस, तिला बी. फार्म.ला घाला. आमचं घर यंत्रमागावर चालतं. काय करावं? – एक आई, सोलापूर

ताई, नमस्कार.

आधी मामांचं बघू. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर आत शिरल्या आणि 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे नीरेवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. दारातच अडवलं तर बक्षिसाच्या यादीत नाव येणार कुठून? वेगळे पुरस्कार निघाले ते त्यामुळे. ते दुय्यमही नाहीत. महिला शास्त्रज्ञांसाठीचा लॉरिअल-युनेस्को पुरस्कार 2016 साली इमॅन्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळाला, त्याच दोघींना 2020 साली रसायनशास्त्राचं नोबेल.

आता तुमची खरी काळजी, पैशाची. ते कात्रणात छापून येत नाही. एम.एस्सी.नंतर ‘नेट’ परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली की पीएच.डी. करताना दरमहा 37,000 रुपये असतात, दोन वर्षांनी 42,000. त्याच्या आधीच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर वर्षाला 80,000 पर्यंत मिळतात. बी. फार्म. वाईट नाही हो, पण त्याला ही शिष्यवृत्ती नाही. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी ‘आयएटी’ ही प्रवेश परीक्षा असते. तिचा फॉर्म बारावीच्या वर्षातच भरावा लागतो, तेवढी तारीख चुकवू नका. आयसर नाही झालं तर सोलापुरातच चांगलं बी.एस्सी. करता येतं, त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. आपल्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कॉलेजच्या सरांकडून पत्र घेऊन एकदा लेकीला तिथं न्या. प्रयोगशाळेत दिवस कसा जातो ते तिला प्रत्यक्ष बघू दे. मामांनाही सोबत घ्या. डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल विचारायला त्यांच्याकडेही बरंच असेल.