धर्म आणि राजकारण : अभ्यासाला आरंभ करताना

आपण या विषयाकडे वळलात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ‘धर्मनिरपेक्षता’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच असतो असे धरून चालणे, ही नवख्या अभ्यासकाची सर्वांत मोठी चूक ठरते, आणि माझ्याही हातून ती झाली होती. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्यसंस्था यांची फारकत केली; भारतीय राज्यघटनेचे कलम २५ मात्र धर्मस्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभा राज्याला देते; तर ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आजही चर्च ऑफ इंग्लंड या इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या २६ बिशपांना (वरिष्ठ धर्मगुरूंना) जागा आहेत. हे तिन्ही नमुने शेजारी ठेवून सावकाश वाचा.

सुरुवातीला एवढे सांभाळा :

- भाष्यांआधी कायद्याचा मूळ मजकूर वाचा.
- श्रद्धा, धर्मसंस्था आणि धर्माच्या नावाने मते मागणारा पक्ष यांची गल्लत करू नका.
- आपला धर्म त्याच्या आदर्शांवरून आणि दुसऱ्याचा त्याच्या अनुयायांच्या वर्तनावरून तोलण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळा. माझ्या मते हेच सर्वांत अवघड आहे.

युरोपातील तीस वर्षांचे युद्ध संपवणारा १६४८ चा वेस्टफालियाचा तह आणि राज्यसंस्थेच्या सार्वभौमत्वाचे सिद्धान्त तूर्त बाजूला राहू द्यावेत.